बेकरीच्या धुराड्यावर तापलेलं पाणी

सोमवार, ३ मार्च

कोळसा बंद! महिना संपायच्या आत शहरातला प्रत्येक कोळशाचा बॉयलर विझला पाहिजे. लाँड्रीत हुकूम वाचून दाखवला तो मीच. मामा चप्पल काढून तळवा चोळत बसला. म्हणजे प्रकरण गंभीर!

मग म्हणाला, "विजेवर पाणी तापवलं तर बिलच आपल्याला धुऊन वाळत घालेल. बंद करू या. माझंही वय झालं."

बंद? दवाखान्याच्या चादरी कडकडीत पाण्यातच धुवाव्या लागतात. त्या गेल्या की लाँड्री गेली. आणि लाँड्री गेली की मामा दिवसभर घरी बसून करणार काय? भिंती धुणार?

मी ओरडलो, "मी तापवून दाखवतो! कोळशाशिवाय!"

मशीनवरची मावशी म्हणाली, "कशावर? रागावर? तो मात्र घरचाच आहे तुझा."

सगळे हसले. हसू देत.

बुधवार, ५ मार्च

भिंत! मागची भिंत! दुपारी टेकून बसलो होतो, पाठ भाजली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पलीकडे बेकरीची लाकडाची भट्टी. (लाकडाला अजून सूट आहे.) पाव भाजून झाले तरी धुराडं तासन्‌तास आकाश तापवत बसतं. आकाशाला काय करायचीय उष्णता? आधीच काय कमी तापलंय ते? धुराड्याच्या बुंध्याला तांब्याची नळी गुंडाळायची, भिंतीतून इकडे आणायची, पाणी आमच्या टाकीत. झालं!

आणि पलीकडे ती आहे. बेकरीवाल्यांची मुलगी. भट्टी तीच सांभाळते. पण हे भिंतीचं आहे ते शुद्ध शास्त्र आहे. तिचा काही संबंध नाही.

गुरुवार, ६ मार्च

संबंध आहे.

शुक्रवार, ७ मार्च

बेकरीवाले काका म्हणाले, "माझ्या धुराड्याला नळी? कॉलेज पुरं झालं नाही आणि माझी भट्टी बिघडवायला निघालास?"

माझं डोकं फिरलं. म्हणालो, "तुमचं धुराडं रोज गावभर ऊब उधळतं ते चालतं, अन्‌ शेजाऱ्याला दिलं तर हात झडतात?" असं मोठ्या माणसाला बोलू नये. बोललो. काकांनी पिठाचा हात दाराकडे केला. निघालो.

तेवढ्यात ती ट्रे ठेवून म्हणाली, "बाबा, ते बोलतात मूर्खासारखं, पण सांगतायत बरोबर." मी दारातच थांबलो. मूर्ख म्हणाली की बरोबर म्हणाली? दोन्ही! चालेल!

काकांनी शेवटी अट घातली: "माझी भट्टी पावासाठी पेटते, तुझ्या धुण्यासाठी नाही. एक काटकी जरी जास्त लागली, तर नळी उपटून तुझ्याच गळ्यात घालीन."

मी शब्द दिला. छाती काढून दिला.

मंगळवार, ११ मार्च

भिंतीला भोक पाडलं. पलीकडून एक डोळा दिसला. "कोण आहे?" मी विचारलं. "भट्टी," ती म्हणाली. दिवसभर कामात लक्ष नाही. वेल्डरदादा म्हणाला, "लेका, नळी वाकवायचीय, मान नाही."

शनिवार, १५ मार्च

आई म्हणते परत कॉलेजात जा. तिकडे उष्णतेचा अख्खा धडा झाला, पण उष्ण असं काही हाताला लागलं नाही. इथे बघ म्हटलं, दोन्ही हातांना फोड! आई म्हणाली, "फोड दाखवून पोरगी मिळेल, नोकरी नाही." आईला कोणी सांगितलं??

सोमवार, १७ मार्च

आज चाचणी. सकाळी पाणी असं आलं की मावशीने टाकीत कोपर घातलं आणि "आई गं!" म्हणून बाहेर काढलं. तिचा थर्मामीटर म्हणजे तिचं कोपर. ते कधी चुकत नाही.

आणि दुपारी? चादरींचा दुसरा घाणा लावायच्या वेळी त्याच कोपराने सांगितलं: कोमट. पावाचं काम उरकलं, भट्टी उतरली, पाणी उतरलं.

मामा हळूच म्हणाला, "निम्म्या चादरी धुऊन दवाखाना चालत नाही रे." रागावला असता तर बरं झालं असतं. मी बादलीला लाथ मारली. बादली भरलेली होती. पाय सुजलाय.

लंगडत बाहेर आलो तर ती बेकरीच्या पायरीवर. माझ्याकडे बघितलं, आत गेली. मेलो तर बरं.

मंगळवार, १८ मार्च

रात्री विचार केला: टाकी उघडी आहे! ऊब पळते कुठे? टाकीतूनच. सकाळी दवाखान्याने टाकून दिलेल्या सगळ्या जुन्या घोंगड्या टाकीला गुंडाळल्या, वर सुतळी. मावशी म्हणाली, "टाकीला काय थंडी वाजतेय की बाळंत झालीय?"

दुपारी कोपर घातलं. बाहेर काढलं. पुन्हा घातलं.

"मेल्या, भाजतंय!"

भाजतंय! दुपारी भाजतंय!! दोन्ही घाणे निघाले, कोळशाचा एक खडा न घालता! मी मामाला उचललं. मामा म्हणतोय, "अरे पाठ! माझी पाठ!" आणि हसतोय. कधी हसला होता असा?

बुधवार, १९ मार्च

आजही भाजतंय.

शुक्रवार, २१ मार्च

दवाखान्याची बाई आली, चादरींचा वास घेतला, मान डोलावली. काम आपल्याकडेच राहिलं! मामा तिला म्हणाला, "हा माझा भाचा." आजवर म्हणायचा, "हा आमच्या ताईचा उद्योग."

मग हे बघायला एका कारखान्याचे लोक आले, हॉटेलवाला आला, कोणाच्या तरी ओळखीचा एक वार्ताहर आला. मी सगळ्यांना समजावलं. उष्णता वाया जाते ती उधळपट्टीने नाही, शेजाऱ्याशी न बोलल्यामुळे! वीटभट्टीशेजारी धान्य सुकवा, बर्फाच्या कारखान्याची गरम हवा शाळेला द्या! असं बोललो की बस! मावशी म्हणाली, "आता निवडणुकीला उभा राहा."

ती काउंटरपलीकडून ऐकत होती. हसली, पण अर्धीच. माझ्या डोक्यात दिवसभर तेवढंच. उरलेली अर्धी कुठे गेली?

सोमवार, २४ मार्च

काका कुरकुरतायत. लाकूड लवकर संपतंय म्हणे. मी म्हणालो, "ओलं आलं असेल या खेपेला. ओलं लाकूड जास्त लागतं, काका." किती शहाण्यासारखं बोललो! काकांनाही पटलं. ती लगेच उठून आत गेली, गल्ला तसाच उघडा टाकून.

बुधवार, २६ मार्च

आज बॉयलर मोडला! मामा म्हणत होता, असू दे कोपऱ्यात, अडीअडचणीला. मी म्हणालो, अडचण संपली, मामा! जे विझलं ते विझलं! पहिला घण मीच घातला. वेल्डरदादाने कापून तुकडे केले, भंगारवाल्याने गाडीत भरले. एवढा काळा राक्षस, आणि जाताना कुरकुरला नुसता. जिथे तो होता तिथे आता फरशीवर ऊन पडतं. मामा त्या उन्हात उभा राहिला बराच वेळ. म्हणाला, "एवढी जागा होती होय आपल्याकडे!"

मी जिंकलो. लिहून ठेवतो, म्हणजे म्हातारपणी खोटं वाटणार नाही: मी जिंकलो.

आता फक्त तिला विचारायचं. परवा. नाही, उद्या. नाही, परवा.

शनिवार, २९ मार्च

विचारायला म्हणून दुपारी बेकरीच्या मागच्या दाराने गेलो. पाव कधीच निघाले होते, काका झोपलेले, आणि भट्टी लालभडक! ती आत ओंडका सारत होती.

"हे कशाला?"

दचकली. मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्या पाण्याला. पहिल्या दिवशी कोमट निघालं तेव्हा तुमचं तोंड बघवेना. म्हटलं, एकच दिवस. मग रोजचंच झालं."

म्हणजे घोंगड्या नाहीत. मी नाही. ती! बॉयलर भंगारात, काकांना दिलेला शब्द धुराड्यातून वर, आणि वार्ताहराला काय काय सांगून बसलोय मी!

दुसरा ओंडका तिच्या हातातून घेतला, जमिनीवर ठेवला. "पाणी कोमट होईल," ती म्हणाली. "होऊ दे," मी म्हणालो. सकाळचं तरी खरंच फुकटचं आहे, दुपारचं शोधायचं. दोघांनी.

मामाला सांगायला निघालोय, मग काकांना. दोन्हीकडून मार बसणार. आणि हसू काही केल्या आवरत नाही!