चटईचे माप

२७ ऑगस्ट

नियुक्तिपत्र आले! जनगणना पर्यवेक्षक — चिल्वा सरोवराचा पश्चिम काठ. शिक्का तिरका उमटला आहे, पण माझे नाव शुद्ध आहे. लिपेंगा. एकाही अक्षराची चूक नाही. आयुष्यभर सहकारी संस्थेत तंबाखूचे गठ्ठे मोजले. आता माणसे!

एनेलेसी अंगणात ताडपात्यांची चटई विणत होती. तिला पत्र वाचून दाखवले. मेहुणी आहे, जिभेला लगाम नाही आणि रिवाजाप्रमाणे नसावाही. म्हणाली, “भावोजी, इतकं कसलं कौतुक? बकऱ्या मोजा, पोरं मोजा, झालं गाव!”

चटई फार रुंद होत चालली आहे, हे मी तिच्या निदर्शनास आणून दिले. तिची खोली मीच बांधली आहे. माप मला पाठ आहे. “एवढी चटई तिथे मावणार नाही. मापात चूक आहे.”

ती खो-खो हसली. “तुम्ही माणसं मोजा. चटईचं माझ्यावर सोडा.”

३० ऑगस्ट

मामा साइझींनी बोलावले. माझ्या बायकोचे, एलुबेचे मामा, घराण्याचे कर्ते. शेंगा सोलत बसले होते.

“जावईबापू, एलुबेला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होतं.”

होते. मी विसरलेलो नाही. आमच्याकडे सगळेच पुरुष घरजावई. शेत, घर, मुले — सारे बायकोच्या आईकडचे. बायको गेली की वर्षाने नवऱ्याचे डोके भादरतात, त्याची चटई गुंडाळून त्याच्या खांद्यावर देतात आणि त्याच्या आईच्या गावाच्या रस्त्याला लावतात. नियम स्वच्छ आहे. चटईने आलो, चटईने जायचे! एलुबेने दारात चटई अंथरली आणि मी पाय ठेवला, तेव्हा मी या गावचा झालो. त्याला कागद लागला नव्हता.

पण फालोंबेकडचे ते माझे गाव मी तरुणपणी सोडले. तिथे आई नाही, मामा नाही, ओळखीचे झाडही नाही. आम्हांला मूलबाळ झाले नाही, त्यामुळे इथेही मला धरून ठेवणारे कुणी नाही. या घराच्या विटा मी भाजल्या. पत्रे ब्लांटायरहून आणले. आंब्याला यंदा पहिल्यांदा मोहोर आला आहे.

“मला ठेवून घ्याल का?” असे विचारायचे होते. विचारले, “कार्याची तारीख?”

“मोजणी उरकू दे. घाई कसली? चटई काय पळून जाते?”

२ सप्टेंबर

प्रशिक्षण. सगळे टॅबवर! छप्पर कशाचे, जमीन कशाची, पाणी किती दूर, सायकल आहे का, फोन आहे का. माझ्या हाताखाली टियामिके नावाची प्रगणक आहे — शिक्षिका, चोख मुलगी. तिने विचारले, “सर, घरातला माणूस जोनीला गेला असेल तर?” जोनी म्हणजे जोहान्सबर्ग; कामासाठी प्रत्येक घरातून कुणी ना कुणी तिथे गेलेलेच. एनेलेसीचा नवराही गेला आणि तिथेच दुसरा संसार मांडून बसला. मामांनी तो विवाह कधीच मोडला.

उत्तर नियमातच आहे — मोजणीच्या रात्री जो जिथे झोपला, तो तिथला. किती सुंदर नियम! ना जमीन विचारतो, ना मामा.

४ सप्टेंबर

आज नकाशात भोक सापडले!

सरोवर कोरे दाखवले आहे. निव्वळ पाणी. पण आत बोरूच्या बेटांवर तरंगत्या झोपड्या आहेत. कोळी तिथे महिनोन्‌महिने राहतात, मासळी धुरवतात. वारा फिरला की झोपड्या सरकतात. आज या हद्दीत, उद्या त्या हद्दीत! दर मोजणीत या हद्दीचा पर्यवेक्षक म्हणतो ते त्याचे, त्या हद्दीचा म्हणतो ते याचे, आणि कुणीच मोजत नाही. कागदावर तिथे माणूसच नाही; मग औषध कुणासाठी पाठवायचे? मागच्या वर्षी पटकी तिथूनच काठावर आली. एलुबे त्यातच गेली.

वरिष्ठांना फोन केला. म्हणाले, “लिपेंगा, पाणी मोजणार का तुम्ही?”

मी म्हणालो, “पाण्यावरची माणसे. एकाच रात्री, तिथेच मुक्काम करून.”

परवानगी मिळाली!

६ सप्टेंबर

तयारी. टॅब दोन, मेणकापड, उकडलेले रताळे, भाजलेला मका. मक्याचे पोते पुन्हा महागले. बाजारात बायका पोत्याऐवजी बशीने विकत घेतात. ज्या शेतावर एलुबेची आई एकटी राबे, त्यावर आज सात भाच्यांचे सात वाफे आहेत. वाढत्या माणसांना अंगठ्याएवढी जमीन. हे सगळे मोजले गेलेच पाहिजे!

एनेलेसीला सांगितले, मोजणीच्या रात्री मी घरी नसेन. ती एकदम गंभीर झाली.

“भावोजी, त्या रात्री घरी झोपा. इथे मोजले जाल.”

“नियमात बसत नाही.”

“नियमात बसत नाही, चटईत मावत नाही! तुमचं बसतं तरी कशात?” म्हणून आत निघून गेली. कारण कळले नाही.

८ सप्टेंबर

निघालो! चटई गुंडाळून खांद्यावर टाकली, टॅब पिशवीत. मामांच्या अंगणावरून गेलो तेव्हा सारे गाव थबकले. शेंगा सोलणारे हात थांबले. एका आजीने डोक्यावरचे फडके काढून छातीशी धरले. कामाबद्दल केवढा हा आदर! मी गाणे गुणगुणत होतो. हात उंचावून सर्वांचा निरोप घेतला.

९ सप्टेंबर, सरोवरावरून

मोजले! सगळे!

मालिझानी नावाच्या कोळ्याच्या झोपडीत मुक्काम होता. भला माणूस, तोंडाचा फाटका.

“जमीन कशाची?”

“गवताची. हळू चाला साहेब, तळघरात मासे आहेत.”

“पाणी किती दूर?”

“उठून बसलात तर लांब, झोपलात तर जवळ!”

“सायकल?”

“आहे की. चालवायला रस्ता तेवढा आणून द्या.”

शेजारच्या तराफ्यांवर लोक हसून लोळत होते, पण उत्तरे सर्वांनी दिली. एक म्हातारा तर दुसऱ्यांदा रांगेत आला — “माझं नाव परत एकदा म्हणा, साहेब. बरं वाटतं.”

मध्येच वारा उठला आणि आख्खी वस्ती सरकली. पहाटे पाहतो तर काठ भलतीकडेच! तरीही एकही झोपडी सुटली नाही, कारण मी झोपडीबरोबर सरकलो! स्वतःलाही इथेच नोंदवले. मुक्काम: पाण्यावर.

नुकसान एकच. वाऱ्याने चटई उडवून पाण्यात नेली. मामा म्हणाले होते, चटई काय पळून जाते? गेली!

१० सप्टेंबर

हसावे की रडावे, कळत नाही.

घराला बाहेरून कडी. अंगण झाडलेले, चूल विझवून राख काढलेली. टियामिकेच्या टॅबवर माझ्या घरापुढे नोंद: रिकामे. मी चिडून खुलासा मागितला. ती चाचरत म्हणाली, “सर, सगळ्यांनीच सांगितलं, विधुर चटई घेऊन गेला.”

तेव्हा डोक्यात उजेड पडला! इतकी वर्षे या गावात राहून, दोन विधुरांना स्वतः रस्त्याला लावून — मी स्वतःची चटई स्वतःच्या खांद्यावर घेऊन भर गावातून निघालो. वर हात हलवत!

मामांकडे धावलो. सगळे सांगितले. ते हसता हसता खोकू लागले. पाणी द्यावे लागले.

“विधुराला रस्त्याला लावायला चार माणसं लागतात. तुम्ही तर एकटेच गेलात! तेही गात गात!”

“मग ते धरू नका.”

“हसलो म्हणून रिवाज मोडत नाही. विधुर गेला, गावानं पाहिलं.” मग डोळे पुसत माझ्याकडे निरखून बघितले. “आता हा कोण आलाय, मोकळ्या खांद्यानं?”

“मीच, मामा.”

“नाही. चटई नसलेला पुरुष म्हणजे परका. एकटा, मोकळा. त्याला चटई कुणी द्यायची की नाही, ते मामा ठरवत नाही. ते बायकांचं काम.” आणि पुन्हा शेंगा सोलू लागले.

एनेलेसी दाराआड होती. बाहेर आली नाही.

११ सप्टेंबर

शाळेच्या बाकावर झोपतो. सरोवराची नोंद वर पाठवली. फालोंबेच्या गाडीची चौकशी केली. शनिवारी आहे.

१३ सप्टेंबर

फोन आला! सरोवराची नोंद मान्य. तिथे आता माणसे राहतात! पावसाआधी औषधाची होडी पाठवण्याचा विचार आहे. मला नाचावेसे वाटले. हे सांगायचे कुणाला? पाय आपोआप एनेलेसीच्या अंगणाकडे वळले. ती तिथे नव्हती. विणायच्या जागी पात्यांचे तुकडे पडलेले. चटई पुरी झाली असावी.

उद्या तिला सांगेन, आणि निरोपही घेईन.

१४ सप्टेंबर

सकाळी गेलो. मी बांधलेल्या घराची कडी काढलेली, चूल पेटलेली, उंबऱ्यात ती चटई अंथरलेली. एनेलेसी आत, चुलीशी पाठमोरी.

चपला काढल्या. पाय ठेवण्यापूर्वी सवयीने माप घेतले. चूक माझीच होती. माप अचूक आहे — दोघांचे.