उजवी बाजू

सोमवार, २ सप्टेंबर

पुन्हा चौथा नंबर. मी अंतिम रेषेआधी दोनशे मीटरवर बाजूला झालो, समोर रस्ता मोकळा होता, तरी आमच्या संघाचे दादा चौथे. शेवटच्या दीड किलोमीटरला त्यांना माझ्या सायकलच्या पाठीशी घेऊन वारा कापायचा आणि नेमक्या जागी बाजूला व्हायचं, एवढंच माझं काम. ते चुकलं नाही. मनातल्या मनात चार वेळा तपासलं. नाही चुकलं.

जेवताना मॅनेजर म्हणाले, "दादा, शनिवारपर्यंत एक टप्पा जिंकून द्या. मग पुढच्या वर्षाचं बोलू." दादांना जिंकून दोन वर्षं झाली. वय अडतीस. मेकॅनिक म्हणाला, "चेनला मी तेल घालतो हो, यांच्या गुडघ्यांना कुठून घालू?" सगळे हसले. दादा सगळ्यांत जास्त हसले. ताटातलं तसंच राहिलं.

मंगळवार, ३

खोलीत दादांनी उद्याच्या रस्त्याचा नकाशा माझ्याकडे सरकवला. "तू वाच." मी म्हटलं, चष्मा लावा की. त्यांनी डाव्या डोळ्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले.

"आता तू दिसत नाहीस. डावीकडच्या कडेला थोडी भिंत दिसते. बाकी नुसतं धुकं."

"कधीपासून?"

"मार्च."

मार्चपासून हा माणूस सत्तरच्या वेगानं माझ्या चाकाला चिकटून येतोय, आणि उजवीकडे काय चाललंय ते त्याला दिसत नाही. संघाच्या डॉक्टरांना कळलं तर, असं विचारलं. "तर त्याच दिवशी सायकल भिंतीला." कुणाला सांगू नको, असं ते म्हणाले नाहीत. म्हणूनच जास्त जड झालं.

बुधवार, ४

डोंगर. दोघंही शेवटच्या घोळक्यात. पाय माझे नाहीत असे वाटतात.

गुरुवार, ५

पुन्हा डोंगर. आईचा फोन. "तू कधी जिंकणार रे?" सांगितलं, आमचं काम दुसऱ्याला जिंकवायचं. "म्हणजे राबायचं तू आणि मिरवायचं त्यानं. इथे काय वाईट होतं मग?" नववीत शाळा सोडली ती सायकलसाठीच. दुसरं काही येत नाही.

डोळ्याचं तिला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

शुक्रवार, ६

उद्याचा टप्पा याच गावात संपतो. संध्याकाळी दादांबरोबर शेवटचा किलोमीटर चालत पाहिला, दोनदा. औषधाचं दुकान, मग झाकण खचलेलं गटार, मग बँक. बँकेच्या दारापासून रेषा बरोबर दोनशे मीटर. दोन्हीकडे लोखंडी कठडे लावायचं काम चालू होतं.

दादा म्हणाले, "उद्या नेहमीसारखा डावीकडे होऊ नको. उजवीकडे हो."

"उजवीकडून कुणी येत असेल तर?"

"म्हणूनच."

खोलीवर आल्यावर म्हणाले, "तुला पटत नसेल तर राहू दे." घोडामैदान जवळच आहे आणि हे मला आता विचारतात.

शनिवार, ७

दादा जिंकले. पाऊण चाकानं.

बाजूला होण्याआधी मागे बघायचं असतं. बँकेच्या दाराशी मी काखेखालून बघितलं. दुसऱ्या संघाचा निळा शर्ट दिसला, उजवीकडे, अगदी जवळ. तरी उजवीकडे झालो.

कठड्यावर आदळल्याचा आवाज ऐकला. वळून पाहिलं नाही.

पंचांनी चित्रफीत तीन वेळा पाहिली. दम संपलेला माणूस बाजूला होणारच, असं म्हणाले. मेकॅनिकनं दादांना उचललं, म्हणाला, "म्हातारं खोड, पण अजून पालवी फुटते बघा." दादा रडत होते. मला घट्ट मिठी मारली. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नाही. निळ्या शर्टवाल्याच्या गळ्याचं हाड मोडलं. जबडाही.

रविवार, ८

इस्पितळात गेलो. आत सोडलं नाही. बाहेर त्याची बहीण बसली होती, मांडीवर त्याचं हेल्मेट. "तुम्ही त्याचे मित्र का?" हो म्हटलं. "त्याला बोलता येत नाहीये. पाटीवर लिहून विचारतो, कितवा आलो." मी पाण्याची बाटली आणून दिली आणि निघालो.

खोलीत दादा शीळ घालत इस्त्री करत होते. मॅनेजर दोन वर्षांचा करार देतायत. "मी सांगितलं, पोरगा पुढे असेल तरच सही करतो. तुझंही झालं बघ." मी इस्पितळात गेलो होतो म्हटलं. इस्त्री थांबली. "कसा आहे?" सांगितलं. ते म्हणाले, "शर्यत आहे बाबा," आणि बाही उलटून घेतली.

दोन वर्षं. महिन्याला किती शेवट, किती वेळा उजवीकडे, ते मोजायला घेतलं आणि सोडून दिलं.

सोमवार, ९

सकाळी डॉक्टरांना सांगितलं, डोळ्याचं. काखेखालून पाहिलं होतं ते सांगितलं नाही. दुपारी दादा सामान घेऊन गेले, माझ्याशी न बोलता. संध्याकाळी मॅनेजरांनी बोलावलं. पुढच्या शर्यतीपासून दादांच्या जागी मी.

बरं म्हणालो.