सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळचं तुम्ही बघा

नाशिक,
सोमवार

ती. चंद्रभागाआक्कास,

धाकट्या सोमनाथचा साष्टांग नमस्कार. (तू थोरली आहेस म्हणून घातला. या वेळी मनापासून नाही, हे आधीच सांगून टाकतो.) दाजींचा गुडघा कसा आहे? तेल चोळतात, की बाटली उशाशी ठेवून नुसतेच कण्हतात? वणीला अजून सकाळची थंडी असेल, तेव्हा स्वेटर काढू देऊ नकोस. तू पाठवलेली द्राक्षांची पेटी पोचली. घड चांगले होते, त्यांचं पुढे काय झालं ते खाली येईलच. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे. प्रत्यक्षात उज्वला खुशाल आहे. मी नाही, आणि त्याला कारण तू आहेस.

राग मानू नकोस असं मी म्हणणार नाही, कारण रागवायची पाळी माझी आहे. आठव जरा. पाच आठवड्यांपूर्वी तू आणि दाजी डोळे तपासायला आमच्याकडे आला होतात. मंगळवार होता. उज्वला सहाला शाळेतून आली (तिला रिटायर व्हायला अजून तीन वर्षं आहेत, मला होऊन एक वर्ष झालं), सातला कुकर लावला, आठला पानं वाढली. आणि पहिल्याच घासाला तू म्हणालीस, "काय गं उज्वला, मागं आले तव्हाबी मटकी, आजबी मटकी? नाशकात दुसरं कडधान्य भेटत नाय का?" बरं, तू बोललीस ते बोललीस. पण पाहुण्याने थट्टा केली की घरच्याने तिला हातभार लावावा, ही आपल्या घराण्याची खोड. मीही म्हणालो की आमच्याकडे कॅलेंडर लागतच नाही, पातेल्यावरचं झाकण उचललं की वार कळतो. दाजींना हसता हसता ठसका लागला. तू तोंडाला पदर लावलास. उज्वलाही हसली. तेहतीस वर्षांत ती माझ्या विनोदाला हसल्याचं मला आठवत नाही, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

पुढच्या सोमवारी ती शाळेतून आली, पर्स खुंटीला लावली आणि सरळ माझ्या खुर्चीत बसली. (टीव्हीसमोरची, वेताची. त्या खुर्चीत इतकी वर्षं दुसरं कोणी बसलेलं नाही.) पाय स्टुलावर ठेवले आणि म्हणाली, "आजपासून सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळचं तुम्ही बघा. काहीतरी नवीन करा. झाकण उचलून वार ओळखायचा मलाही कंटाळा आलाय." आवाज चढलेला नाही, भांडण नाही, काही नाही. भांडली असती तर मी उत्तर दिलं असतं. मला भांडता येतं, स्वयंपाक येत नाही, आणि तो का येत नाही ते तुला चांगलं माहीत आहे. सात वर्षांचा असताना मी भाकरी थापायला बसलो तेव्हा उलथन्याचा फटका कोणी दिला होता? "पोरांनी चुलीपाशी बसू नये, मिशा येत नाहीत," हे कोण म्हणालं होतं? मिशा आल्या, आक्का. आता त्या मिशांना रोज फोडणीचा धूर लागतो आहे.

मी पुण्याला महेशला फोन केला. वाटलं होतं मुलगा आईची समजूत काढील. त्याने काय केलं, तर मोबाईलवर एक यादी धाडली: "रोजच्या जेवणाचा कंटाळा घालवणारे तेवीस हटके पदार्थ". हटके! या शब्दाचाच मला संताप येतो. यादी लिहिणाऱ्या बाईंच्या घरी कायम काहीतरी उरलेलं असतं. उरलेला भात घ्या, उरलेल्या भाज्या घ्या, उरलेलं चीज घ्या. आमच्या घरी चीज उरायला आधी ते यायला तर पाहिजे! आणि माप म्हणजे "एक कप". कोणता कप? आपल्या घरात बशीवाला कप आहे, महेशला बक्षीस मिळालेला कप आहे आणि दाजी ज्यातून चहा पितात तो तांब्याएवढा आहे. शेवटी "मीठ चवीनुसार". मी छत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात कारकुनी केली. "आवश्यकतेनुसार" असं मोघम लिहिलेली एकही फाईल साहेबाने कधी पुढे जाऊ दिली नाही, आणि इथे अख्ख्या घराचं जेवण असल्या मोघम शेऱ्यावर चालतं!

पहिल्या दिवशी भोपळी मिरचीत भात भरायचा पदार्थ निवडला. भात शिजवून भरायचा, हे त्या बाईंनी कुठेही स्पष्ट लिहिलेलं नाही. (नंतर पाहिलं तर लिहिलं होतं, पण बारीक अक्षरात.) मी तांदूळ भरले, दाबून दाबून भरले, दाजींच्या कपाने पाणी घातलं आणि कुकर लावला. एक शिट्टी झाली. दुसरी झालीच नाही. कुकर नुसता फुसफुसायला लागला आणि खालून हिरवट पाणी ओट्यावर आलं. शेजारचे बुद्धभूषण साळवे (आमच्याच खात्यातले, माझ्यानंतर सहा महिन्यांनी रिटायर झाले) धावत आले आणि त्यांनी आधी गॅस बंद केला. झाकण उघडलं तर मिरच्या फाटून पडल्या होत्या आणि शिट्टीच्या भोकात भाताचं शीत बसलं होतं. साळवे स्वतः भाकरी करतात, वांगं भाजतात, त्यांच्या राखीवहिनी त्या वेळी पेपर वाचतात. इतकी वर्षं मी या गोष्टीला हसत आलो. त्यांनी टूथपिकने ते शीत काढलं आणि एक शब्द न बोलता गेले. माणसाने इतकंही सभ्य असू नये.

दुसऱ्या दिवशी तुझी द्राक्षं. यादीतल्या बाई भाजीत फळं घाला म्हणतात, आणि आपल्याकडे फळ म्हणजे सध्या द्राक्षच. कांदा परतला, तूच दिलेला काळा मसाला चांगला दोन चमचे घातला आणि वरून अर्धा किलो द्राक्षं सोडली. आक्का, द्राक्षं शिजत नाहीत, ती फुटतात. सालं वर तरंगली, बिया नाहीत म्हणून देवाचे आभार मानले. साळव्यांनी चव घेतली, चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "सोमनाथराव, कफावर चांगलं असेल." बुधवारी पिझ्झ्याच्या तयार भाकरीवर मिसळ ओतली. नाशिककराच्या घरी मिसळ बिघडू शकते यावर माझा विश्वास नव्हता, आता बसला आहे. रस्सा भाकरीत मुरला, भाकरी तव्यात मुरली आणि तवा अजून भिजत पडला आहे.

आणि या सगळ्यावर उज्वलाने काय म्हणावं? काहीच नाही! पानातलं सगळं खाते, ताट घासायला टाकते आणि वहीत शेरा लिहिते. खरंच सांगतो, ओट्यावर एक वही ठेवली आहे. "प्रयत्न स्तुत्य." "मांडणीकडे लक्ष द्यावे." द्राक्षांच्या दिवशी "कल्पना स्वतःची वाटते." मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण शिजवण्यापेक्षाही वाईट काय आहे सांगू? दुपारचे चार. चार वाजले की "आज काय करायचं" हा प्रश्न पुढ्यात येऊन बसतो. उत्तर सापडून, शिजवून, जेवून होत नाही तोच दुसऱ्या दिवशीचे चार वाजतात. ऑफिसात एकदा फाईल निकालात काढली की ती परत येत नसे. हे काम रोज निकालात निघतं आणि रोज नव्याने टेबलावर येतं. हे मला आजवर कोणी का सांगितलं नाही, याचाही मला राग आहे.

असो. तेवीस पदार्थांपैकी अकरा झाले आणि मी यादीचा नाद सोडला. मग सोमवारी पोहे, मंगळवारी पिठलं, बुधवारी खिचडी असं आपोआपच बसत गेलं. गेल्या मंगळवारी उज्वलाने झाकण उचललं, पिठल्याकडे पाहिलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "अरे वा, मंगळवार का आज?"

माझं डोकंच फिरलं. मी उलथनं आपटलं (मूठ निखळली, नवीन आणलं) आणि ओरडलो, मग तूच सांग ना तुला काय आवडतं, तेच करून घालतो! ती म्हणाली, "तुम्हीच आठवा. पुढच्या शुक्रवारी लग्नाचा वाढदिवस आहे, तोवर वेळ आहे. नाहीच आठवलं तर राहू द्या, एक तारखेपासून मेसचा डबा लावू. त्यांच्याकडे तरी कोणाची आवड विचारायची भानगड नसते." मेसचा डबा! आपल्या घरी! आईने ऐकलं असतं तर तिने नाशिकला पाय ठेवला नसता. आणि मला माहीत नाही असं थोडंच आहे? तेहतीस वर्षं एका ताटासमोर बसलो आहे. सगळं माहीत आहे. फक्त मी सांगणार नाही, कारण माझाही काही मान आहे.

तेव्हा माझी मागणी एवढीच, की तू उज्वलाला दोन ओळी लिही. मटकीवरून बोललीस ती थट्टा होती, मटकी चांगली होती, आणि आपल्या घराण्यात पुरुषांना स्वयंपाकाला लावत नाहीत, असं थोरलेपणाने कळव. दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा, पण आता लहान न राहिलेला भाऊ,
सोमनाथ

ता. क. १: पत्र पूर्ण करून हिंग शोधायला कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला दिसला. तेलाने पिवळा पडला आहे, पण वाचता येतो. "संध्याकाळच्या भाज्यांचा वारनिहाय तक्ता". सत्तावीस वर्षांपूर्वी ऑफिसच्या मशीनवर टाईप केलेला. खाली माझी सही आहे, तारीख आहे, आणि "यात परस्पर बदल करू नये" अशी सूचनाही आहे. मंगळवार, मटकी. पुढे रकाना आहे, "कोणाची आवड". सोमवार आई (आपली, तेव्हा ती इथेच राहायची), मंगळवार सोमनाथ, बुधवार महेश, गुरुवार आई, शुक्रवार सोमनाथ. शनिवार "आक्का-दाजी आल्यास त्यांच्या सोयीने". रविवार सोमनाथ. तक्ता मी दोनदा वाचला. एक नाव राहून गेलं आहे. टंकलेखनाची चूक म्हणावी तर टंकलेखक मीच.

ता. क. २: वर मला सगळं माहीत आहे असं लिहिलं, ते खोडलं असं समज. आक्का, मला माहीत नाही. लग्नानंतर नाशिकला खोली मिळेपर्यंत उज्वला दीड महिना वणीला तुझ्याकडे होती. तेव्हा ती काय मागून घ्यायची? कशाने तोंड खुलायचं? दोन शब्दांत लिही. फोन करू नकोस, तू रात्री करतेस आणि तेव्हा फोन तीच उचलते. चिठ्ठी वणी-नाशिक गाडीच्या कंडक्टरकडे दे, मी स्टँडवर उभा राहीन. गुरुवारच्या आत.

ता. क. ३: पाकीट चिकटवायला डिंक आणायला गेलो तेवढ्यात उज्वलाने हे पत्र वाचलं. (वर दोन ठिकाणी लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आहे ते तिचं.) ती रागावली नाही. म्हणाली, "आक्कांना विचारू नका, त्यांनाही माहीत नाही. त्या दीड महिन्यात त्यांनी मला दाजींना काय आवडतं तेच शिकवलं." मी विचारलं, मग काय ते तूच सांगशील का? या वेळी ओरडून नाही विचारलं. तिने लाल पेनाला टोपण लावलं, मग म्हणाली, "हुळा." शेतातच काटक्यांवर भाजलेला ओला हरभरा! मी म्हणालो, हे काय जेवण आहे? ती म्हणाली, "आमच्याकडे हुळ्याच्या संध्याकाळी दुसरं काही करत नसत. सगळे जाळाभोवती बसून हात काळे करून खायचे. आईला चूल पेटवावी लागायची नाही, तीही आमच्यात बसायची." एवढं बोलून ती वह्या तपासायला लागली.

तर आक्का, आता खरं काम ऐक. हरभऱ्याचा हंगाम सरला हे मलाही कळतं, आणि ही बाई महिनाभर आधी बोलली असती तर काय बिघडलं असतं, याचा मला भयंकर राग आहे. पण विहिरीकडच्या तुकड्यात दाजींनी हरभरा उशिरा पेरला होता, असं तूच म्हणाली होतीस. तिथे हिरवा असेल तेवढा उपटून शुक्रवारी सकाळच्या गाडीने दोन पेंढ्या धाड. गच्चीवर जाळ करायला सोसायटीची बंदी आहे, पण साळवे घमेलं देतो म्हणाले आहेत आणि सोसायटीचे सेक्रेटरी तेच आहेत. तक्ता मी काढून टाकणार होतो, उज्वलाने राहू दे म्हटलं, शुक्रवारपुढे पेनने तिने स्वतःच स्वतःचं नाव घातलं.

पेंढ्यांबरोबर एक चिठ्ठी पाठव. तुला काय आवडतं ते तिच्यावर लिही, मला तेही माहीत नाही. (दाजींना विचारून लिहू नकोस.)