तडा गेलेली रिम जोडायची नाही

मी, अप्पाराव लिंबाजी मगरे, वय ६९, धंदा गाड्यांच्या रिम सरळ करणे, राहणार वाटूर, ता. परतूर, जि. जालना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डावा कान गेला आहे, पण मृत्युपत्र कानानं लिहीत नाहीत. कोणाचा दबाव नाही. माझ्यावर दबाव टाकणारा माणूस अजून या फाट्यावर उतरलेला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, पुन्हा करायचा विचारही नाही.

१. गावातलं दोन खोल्यांचं घर आणि बँकेतली, पोस्टातली शिल्लक पत्नी कौसल्या हिला. तिनं ती कशी वापरावी हे शिकवायला कोणी जाऊ नये. मीही कधी गेलो नाही.

२. फाट्यावरचं पत्र्याचं दुकान जागेसह, रिम सरळ करायचं मशीन आणि ठोकायची बाभळीची मोगरी सून संध्या हिला. मुलगा असताना सुनेला का, असं गाव विचारणार. गावानं बसून ऐकावं.

महागड्या गाड्यांचं दुखणं एकच असतं. चाक परातीएवढं आणि टायर भाकरीसारखा पातळ. खड्डा आला की मार रिमला बसतो. मालक येऊन सांगतात, ऐंशीच्या पुढं स्टेअरिंग थरथरतं, हवा टिकत नाही, शोरूमवाले म्हणतात रस्ताच खराब. वाकलेली रिम सरळ होते. तडा गेलेली जोडून, घासून, रंग मारून नव्यासारखी दिसते आणि भर वेगात फुटते. तेव्हा गाडीत माणसं बसलेली असतात.

बारीक तडा डोळ्याला दिसत नाही. रिम दोरीला टांगायची आणि मोगरीच्या दांड्यानं हलकं वाजवायची. धड असली तर खणखणीत वाजते, तडा असला तर बद्द. ही अक्कल माझी नाही. धंद्याच्या पहिल्या वर्षी मी एक रिम उलटीपालटी करत बसलो होतो, तेव्हा कौसल्या म्हणाली, "माठ घेताना टिचकी मारून बघतो ना आपून? मंग हिला मारून बघा की." त्या दिवसापासून आमच्या दुकानात तेच चालत आलं.

गेल्या साली माझ्या चिरंजीवांनी, सूरजनं, माझ्या पाठीमागं एक तडकलेली रिम जोडून रंगवली. मी वाजवून पाहिली आणि बराबर आहे म्हणालो. कान दगा देऊन राहिला होता, आणि मी कबूल करत नव्हतो. गिऱ्हाईक निघालं तेव्हा संध्या आडवी आली. "मामा, बद्द वाजून राह्यली ती. मी न्हाई जाऊ देणार." नवऱ्यादेखत, सासऱ्यादेखत बोलली. घरात आठ दिवस अबोला होता. मला मात्र वारस सापडला.

३. हवेचं मशीन, पंक्चरचं सामान आणि मोटारसायकल सूरजला. पोरगा वाईट नाही, घाईचा आहे. त्यानं पंक्चर काढावं. मोगरी कधी द्यायची ते संध्या ठरवील.

४. दुकानाची पाटी 'ठोक्या व्हील वर्क्स' कोणी बदलू नये. या नावामागं एक हिशेब आहे, तो आता लिहितो.

नऊ वर्षांपूर्वी जालन्याचे किशनलाल शेटजी जांब समर्थला दर्शन करून परतत होते. परतूर सोडल्यापासून गाडी थरथरते म्हणून फाट्यावर थांबले. मी रिम काढली, वाजवली. बद्द. म्हणालो, "शेटजी, हिला तडा हाय. स्टेपनी लावून देतो, हळू जावा." ते म्हणाले, "ठोक ना जरा, जल्दी जायचंय." मी मोगरीचा एक घावही घातला नाही. रिम माझ्याकडंच राहिली.

आठ दिवसांनी शेटजी आले आणि भर फाट्यावर म्हणाले, "अच्छी रिम व्हती. या ठोक्यानं ठोकून फोडली." शेजारी त्यांचा ड्रायव्हर बद्रीनाथ उभा होता, त्या दिवशीही तो गाडीत होता. शेटजींनी त्याला विचारलं, "का रे, चांगली व्हती का न्हाई?" बद्रीनाथनं खाली बघून सांगितलं, "व्हती, शेटजी."

जुन्या जालन्यातल्या व्यापारी पेढ्यांवरून ही बात जिल्हाभर गेली. दोन वर्षं एकही मोठी गाडी दुकानापुढं थांबली नाही. मला फार लागलं ते. मग मी पेंटर बोलावला आणि तेच नाव पाटीवर लिहून घेतलं. आता मालक लोक फोन करून विचारतात, ठोक्याचं दुकान कोणतं.

ती रिम भिंतीवर टांगलेली आहे. माझ्यामागं ती शेटजींना, ते नसल्यास त्यांच्या वारसांना नेऊन द्यावी. सोबत या कागदाची नक्कल द्यावी. एकदा टिचकी मारून ऐकावं, एवढीच विनंती.

५. दुकानापुढचं सागवानी बाकडं बद्रीनाथला द्यायचं ठरवलं होतं. नोकरी सुटल्यापासून दर गुरुवारी येऊन बसतो. त्या दिवसाबद्दल तो बोलला नाही, मीही विचारलं नाही. परवा त्याला बाकड्याचं सांगितलं. वकिलांनी बजावलं होतं, ज्याला काही द्यायचं त्याला साक्षीदार करू नका, संशयाला जागा राहते. तेही मी सांगितलं, तसा बद्रीनाथ बाकड्यावरून उठला. मग म्हणाला, "बाकडं नका देऊ मला. साक्षीदार करा."

सबब हे कलम रद्द. बाकडं दुकानापुढंच राहील, आणि गुरुवारी त्याला तिथून कोणी उठवू नये.

६. माझ्यामागं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम साधेपणानं करावा. त्या दिवशीही दुकान उघडं ठेवावं.

वरील मजकूर वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे.

ठिकाण : वाटूर
दिनांक : १३ नोव्हेंबर २०२५
(सही) अप्पाराव लिंबाजी मगरे

साक्षीदार
१. राजानंद हिवाळे, निवृत्त शिक्षक, वाटूर. अप्पारावांनी माझ्यासमोर सही केली. (सही)

२. बद्रीनाथ संपत काळे, निवृत्त ड्रायव्हर, जालना. अप्पारावनं माझ्यासमोर सही केली. अजून एक लिहितो. परतूर सोडल्यावर गाडी खड्ड्यात गेल्ती. शेटजी सोता चालवत व्हते, मी बाजूला बसलो व्हतो. रिम तिथंच तडकली. अप्पारावनं मोगरीचा एक घावबी घातला न्हवता. मी तवा खोटं बोललो. (सही)