शंभूराजचा कॉम्प्युटर मी नेला आहे

चि. पूजा,

टेबलावर कॉम्प्युटरचा डबा दिसला नाही म्हणून घाबरू नकोस. गोधडीत बांधून सकाळच्या एसटीने सांगलीला दुरुस्तीवाल्याकडे नेला आहे. भाकरी टोपलीत झाकली आहे.

परवा मी तो आपोआप बंद पडला म्हणाले, ते खोटं होतं. खंडेनवमीला शंभूराज कोयत्या-खुरप्यांबरोबर त्याचीही पूजा करायचा. तो गेला, यंदा करणारं कोणी नाही, म्हणून तू कामावर गेल्यावर मी केली. तांब्यातलं पाणी वरच्या जाळीवर शिंपडलं. तो नुसतं कुंकू लावायचा, हे नंतर आठवलं.

मग चालू होतो का बघायला बटण दाबलं. चर्र आवाज झाला आणि डब्यावरचा दिवा विझला. प्लग काढून परत लावला, मागच्या वायरी घट्ट केल्या, आणखी तीनदा बटण दाबलं.

दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "मावशी, व्हिडिओ असत्यात ती डिस्क वाचंल. पाणी गेल्यावर बटण दाबलं न्हाई न्हवं?" मी भीतीने "न्हाई" म्हणाले. आज समोर बसून त्याला खरं सांगणार आहे.

तुला तोंडाने सांगायचा धीर झाला नाही. तू अक्षरं शिकवलीस म्हणून लिहिता तरी आलं.

शंभूराजचं बोलणं आता त्या व्हिडिओंतच उरलं आहे, हे मला ठाऊक आहे. आई म्हणून मला त्याचा आवाज चौतीस वर्षं मिळाला, बायको म्हणून तुला पाचच. डिस्क वाचली नाही तर मला वाटेल ते बोल, पण गप्प राहू नकोस.

तुझी आत्याबाई,
बनुबाई