दोन मापं लहान

प्रिय योशिकी,

तुझी बायको सुखरूप पोचली, आज दिवसभर माझ्याबरोबर कानाझावात हिंडली आणि आता आंघोळीला गेली आहे. तू ऑफिसच्या कामात अडकलास म्हणून एकटीच आले, असं तिनं आल्या आल्या सांगितलं, पाठ केलेली कविता म्हणावी तसं. मीही पटल्यासारखं दाखवलं. गेले कित्येक महिने फोनवर तुझा नुसता आवाज येतो. चेहरा दाखव म्हटलं की कॅमेरा बिघडलेला असतो. अख्ख्या लिस्बनमध्ये तो दुरुस्त करणारं कुणी नाही का रे? हा घोर घेऊनच मी तिच्याबरोबर बाहेर पडले.

ओमिचो बाजारात मासळीवाल्या ओगावाबाईंनी तिला पाहिलं आणि सगळ्यांदेखत माझी फिरकी घेतली, "फुमिएबाई, सून आलीय, आज तरी पाय तुटलेला स्वस्तातला खेकडा मागू नका." इनेस हसली, पण खेकड्यांकडे तिचं लक्षच नव्हतं. तिनं खारवलेल्या आंबट आलुबुखाराचा मोठा डबा घेतला. लहानपणी तू तो गालात दडवून अंगणात थुंकायचास, हे मी तिला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "आता तो तेवढंच खातो, पेजेबरोबर." मग मोठ्या दुकानात तिनं तुझ्यासाठी शर्ट काढले, तेही दोन मापं लहान. ज्युदो खेळलेल्या माणसाच्या खांद्यावर हे उसवतील, असं मी म्हटलं, तर तिनं त्यांचीच घडी घातली. शेवटी कानांपर्यंत येणारी मऊ सुती टोपी घेतली, घरात घालायला. मला कळत नव्हतं असं नाही. कळून घ्यायचं नव्हतं.

जेवायला बाबांच्या आवडत्या हॉटेलात गेलो. भाजलेला मासा आला. काटे काढून मऊ तुकडा तिनं आपल्या काड्यांनी उचलला आणि माझ्यापुढे धरला. तिचं लक्ष भलतीकडेच होतं. माझंही असावं, कारण मी तो माझ्या काड्यांनी धरला. क्षणभर दोघींच्या काड्या त्याच तुकड्यावर होत्या. बाबांच्या अस्थी तू आणि मी अशाच काड्यांनी एकमेकांकडे दिल्या होत्या; म्हणून तर जेवताना असं करणं अशुभ. ही रीत तूच तिला शिकवली असशील, कारण इनेस पांढरीफटक पडली. तुकडा ताटात पडला.

"आई, मी हे काय केलं? आत्ता, या वेळी?" म्हणून ती रडायलाच लागली. शेजारच्या टेबलावरचे लोक सभ्यपणे खिडकीबाहेर बघू लागले.

मी म्हटलं, "अगं, मासा आहे तो. परदेशी माणसाला अशा चुका माफ असतात." पण चुकीसाठी कुणी इतकं रडत नाही. योशिकी किती आजारी आहे, एवढंच मी विचारलं. तुला दिलेला शब्द तिनं पाळला, एक अक्षर बोलली नाही, फक्त माझा हात घट्ट धरून बसली. तिच्यावर रागावू नकोस. अशी सून मला शोधून सापडली नसती.

आता मुद्द्याचं. इनेस परत येईल तेव्हा तिच्याबरोबर मीही येते आहे. माझं तिकीट आम्ही घरी येतानाच काढलं. 'आई, येऊ नकोस' हे मला ऐकायचं नाही. मला भीती वाटते आहे, फार वाटते आहे, पण ती इथे एकटीनं बसून वाटून घ्यायची नाही. पेज मी करीन, तू खा. आईच्या अस्थी मुलानं उचलायच्या असतात, आईनं मुलाच्या नाही. ते काम तुझं आहे, योशिकी, आणि त्यातून मी तुला मोकळं करणार नाही.

तुझ्यावर खूप चिडलेली, तरी तुझीच,
आई