छातीएवढा चॉकलेटी पट्टा

महाड,
मंगळवार

आदरणीय उज्वलाताई यांस,
नागसेनचा सविनय जयभीम.

तुमची तब्येत चांगली आहे हे रोज सकाळ-संध्याकाळ फोनवर ऐकू येतेच, म्हणून ती विचारत नाही. सुहासरावांच्या साखरेची आणि गुडघ्याची चौकशी मात्र मनापासून करतो, कारण त्यांच्या हातात तुम्ही फोन देत नाही. पोलादपूरला थंडी इथल्यापेक्षा जास्त असेल. मी ठीक आहे. दोन्ही वेळा जेवतो. (तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच लिहिले.)

एसटीने एवढ्या जवळ असताना हा माणूस पत्र का लिहितो, असे तुम्हाला वाटेल. कारण असे की फोनवर तुम्ही बोलता आणि मी "हं" म्हणतो. माझ्या "हं"चा अर्थ ऐकतो आहे, एवढाच असतो. शाळेच्या कचेरीत सगळी नोकरी मी त्यावरच काढली, आणि एकाही हेडमास्तरांचा गैरसमज झाला नाही. नीलाला ते ठाऊक होते. "हं काय, हो की नाय ते बोला," असे म्हणून ती थांबायची. तुम्ही थांबत नाही. त्यामुळे नीलाच्या स्मृतिदिनाच्या जेवणात वाटाण्याची उसळ ठरली, मांडव ठरला, आणि हॉलला रंग काढायचेही ठरले, सगळे माझ्या संमतीने. उसळीबद्दल माझी तक्रार नाही. रंगाबद्दल आहे, आणि ती मला पुरती मांडू द्यावी.

तुम्ही पाठवलेला चांगू पेंटर शनिवारी आला. माणूस कामाला चांगला आहे, हे आधी नमूद करतो. भिंतींना त्याने फिकट पिवळा काढला, तोही मला पसंत होता. राहिला तळाचा पट्टा. आमच्या हॉलचा पट्टा तुम्ही पाहिलेला आहे, पण लक्षात ठेवण्यासारखा तो कुणालाच वाटला नसेल. जमिनीलगत हिरवा, खिडक्यांच्या गजांना लावून उरलेल्या ऑइल पेंटचा. केरसुणीचे आणि फरशी पुसण्याचे डाग भिंतीवर दिसू नयेत म्हणून सगळेच काढतात तसा. दर वर्षी चौदा एप्रिलच्या आधी नीला तो स्वतः काढायची. जमिनीवर बसून, सरकत सरकत. कपाट हलवायची नाही. (कपाटामागे कोण बघायला जाते, असे तिचे म्हणणे. मी एकदा हलवू का विचारले, तर म्हणाली, तुम्ही त्यापेक्षा चहा टाका.) सरकताना ती दाराशी पोचेपर्यंत दमायची, म्हणून तिथे पट्टा जरा लाटेसारखा व्हायचा. तो मला कधीच वाकडा वाटला नाही. तो तसाच ठेवायचा होता, फक्त धूळ पुसून. हे मी तुम्हाला फोनवर सांगणार होतो. तुम्ही तेव्हा "चॉकलेटीच बरा, मळ दिसत नाय" असे म्हणत होता, आणि मी "हं" म्हणालो.

रविवारी मी आमच्या आतेभावाला आमंत्रण द्यायला नाते गावी गेलो. फोनवर सांगितलेले आमंत्रण त्यांच्याकडे धरत नाहीत, घरी जाऊन चहा प्यावा लागतो. चहाचे जेवण झाले, जेवणाची झोप झाली, आणि मी परत आलो तो संध्याकाळी. दार उघडले. हॉल जमिनीपासून माझ्या छातीपर्यंत चॉकलेटी होता. चारही बाजूंनी. मला क्षणभर वाटले, एसटी स्टँडच्या कचेरीत शिरलो.

चांगू ब्रश धूत होता. मी विचारले, हे काय. तो म्हणाला, "पट्टा मारला, दादा. ताय बोलली व्हती चॉकलेटी मार."

"इतका?"

"आवं, पुराचं पानी हितवर आल्यालं ना. या आळीत समद्यांचा पट्टा हितवरच हाय. तुमचा येकट्याचाच तळाला व्हता. मी बोललो, र्‍हायला आसंल."

त्याचेही खरे होते. एकवीस साली सावित्रीचे पाणी घरात शिरले, तेव्हापासून गाळाचा डाग कितीही रंग काढला तरी वर येतो. म्हणून आळीतल्या सगळ्यांनी पाण्याच्या खुणेपर्यंत गडद ऑइल पेंट काढून घेतला आहे. ती सगळी घरे चांगूनेच रंगवली. नीलाने ते करू दिले नव्हते. पाणी आले तसे गेले, त्याला आता भिंत कशाला नेमून द्यायची, असे ती म्हणाली होती. आमच्याकडे डाग दिसतो, दिसू दे. हे चांगूला माहीत असायचे कारण नव्हते, तुम्हालाही नव्हते. मला होते, आणि मी नात्याला जेवत बसलो होतो.

तेवढ्यात शेजारच्या चंद्राबाई बघायला आल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी सगळा हॉल न्याहाळला आणि म्हणाल्या, "बेस झालं गो बाय. आता पुराला बी कळंल, कुठवर यायचं ते." त्यांच्यामागून आणखी दोघी आल्या. एकीने फोटो काढला. स्मृतिदिनाला टेबल मांडून नीलाचा फोटो ठेवायचा, तर तिच्यामागे हे. म्हणजे वर्षभराने ती लोकांसमोर येणार, ती गळ्यापर्यंत पुरात उभी असल्यासारखी. चांगू म्हणाला, फोटोला हार घातल्यावर एवढे कळणार नाही.

तेव्हा मी "नाही" म्हणालो.

मी ओरडलो नाही, हे स्पष्ट करतो, कारण तुम्हाला कुणीतरी वेगळे कळवले आहे. नेहमीच्या आवाजात म्हणालो. पण चांगूच्या हातातला ब्रश बादलीत पडला आणि चंद्राबाई दाराबाहेर जाऊन कुणाला तरी म्हणाल्या, "दादा 'नाय' बोलले." त्यावर तुमचा फोन आला, आणि तुम्ही मला विचारलेत की माझी तब्येत बरी आहे ना. ताई, माणसाने एकदा नाही म्हटले तर त्याचे ब्लडप्रेशर बघायला सांगू नये. मला राग आला आहे, आणि तो ब्लडप्रेशरचा नाही.

कालपासून चांगू चॉकलेटी घासतो आहे. ऑइल पेंटवर पिवळा धरत नाही, म्हणून घासून, प्राइमर मारून पुन्हा पिवळा काढणार. तो नाराज आहे. घरभर तांबूस भुकटी उडते आणि माझ्या आमटीतही पडते. पाण्याचा डाग पुन्हा दिसायला लागेल, असे त्याने तीनदा बजावले. मी तिन्ही वेळा म्हणालो, दिसू दे.

तरी विनंती की, या घराच्या भिंतींबद्दल यापुढे कुणालाही काही सांगू नये. उसळीचे, खुर्च्यांचे, बौद्धाचार्यांना आणायला कोण जाणार याचे जरूर बघावे, त्यात माझे काही चालत नाही आणि चालावे अशी इच्छाही नाही. पण आपण रविवारी इतर पाहुण्यांप्रमाणे दहाला यावे. आधी येऊ नये.

सुहासरावांना जयभीम. मुलांना आशीर्वाद.

आपला,
नागसेन

ता. क. : सुहासरावांसाठी बिनसाखरेचा चहा वेगळा ठेवायला सांगितला आहे.

ता. क. दुसरा : हिरवा रंग मी काल बाजारातून आणला. चांगूला तळाला हिरवा लावू देणार नाही, तो पट्टा मी काढणार. अडचण एकच आहे. आधीचा पट्टा चॉकलेटीबरोबर घासला गेला, आणि तो किती उंच होता ते आता कुठेच उरलेले नाही. कपाट हलवून पाहिले, तर मागे तिने कधी काढलाच नव्हता. ती फूटपट्टी घ्यायची नाही. कोपऱ्यात करंगळी जमिनीला टेकवायची, अंगठा वर ताणायची आणि तिथे पेन्सिलने टिंब करायची. तुम्हा दोघी बहिणींच्या आईचीही हीच पद्धत, असे सांगायची. मी माझी वीत लावून बघितली. फार वर जाते. ते आमचे घर वाटत नाही. तुम्ही दोघी एकमेकींच्या बांगड्या घालत होता, तेव्हा तुमचा हात तिच्याच मापाचा असणार. तर शनिवारी सकाळच्या गाडीने या. चार कोपऱ्यांत फक्त हात लावून द्या, रंग मी काढीन. तुम्हालाही काढावासा वाटला, तर ब्रश दोन आणले आहेत.